शिरपाव आणि पट्टा



मराठीत आपण 'शिरपाव' हा शब्द अगदी सहज वापरतो. कुणी चांगलं काम केलं की म्हणतो, त्याला शाबासकीचा शिरपाव मिळाला. हा शब्द फारसीतून आला आहे. मूळ शब्द 'सर-ओ-पा'. सर म्हणजे डोकं, पा म्हणजे पाय. डोक्यापासून पायापर्यंतचा पूर्ण पोशाख, तो सरोपा. आपण त्याचा शिरपाव केला आणि कापड विसरून गेलो, कौतुक तेवढं ठेवलं.

असाच दुसरा शब्द 'पट्टेवाला'. सरकारी कचेरीत साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसणारा माणूस. त्याला त्याच्या नावानं फार थोडे लोक ओळखत. खांद्यावरून कमरेपर्यंत जो तिरपा पट्टा असे, त्यावरून त्याचं नाव पडलं. शिरपाव हेही दुसऱ्यानं दिलेलं कापड आणि पट्टा हेही दुसऱ्यानं दिलेलं कापड. एकामुळे माणसाची मान ताठ होते, दुसऱ्यामुळे त्याचं नावच पुसलं जातं. असं का होतं? धन्यानं चाकराला कपडे देण्याची ही जी फार जुनी चाल आहे, तिच्याबद्दल आज मी आपल्याशी बोलणार आहे.

या चालीला इंग्रजीत एक शब्द आहे, 'लिव्हरी'. बड्या घरच्या नोकरांचा ठरावीक रंगाचा पोशाख म्हणजे लिव्हरी, असा अर्थ आज घेतला जातो. पण मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ आहे 'सुपूर्द केलेलं', 'हाती दिलेलं'. मध्ययुगात एखाद्या सरदाराच्या वाड्यावर जी माणसं चाकरीला असत, त्यांना धन्याकडून भाकरी, दारू, मेणबत्त्या, घोड्याचा चारा आणि वर्षाचे कपडे मिळत. हे सगळं मिळून लिव्हरी. म्हणजे लिव्हरी हा आधी पगार होता, पोशाख नंतर झाला.

हे आपल्याला समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे सालगडी ठेवण्याची रीत आहे. गुढीपाडव्याला साल ठरतं. रोख रक्कम किती, धान्य किती, आणि त्याबरोबर धोतरजोडी, सदरा, डोक्याला पटका, एखादी घोंगडी, पायात वहाणा. देणाऱ्याच्या ऐपतीप्रमाणे यात कमी-जास्त होतं. पण पोटाबरोबर अंगाचीही जबाबदारी मालकाची, हे दोन्हीकडून गृहीत असतं. सालगड्याच्या त्या धोतराला रंग नसतो, त्यावर मालकाचं चिन्ह नसतं. पण शब्दाच्या मूळ अर्थानं तीही लिव्हरीच.

मग कापडाला रंग कुठून आला? तो आला सत्तेतून. इंग्लंडमधल्या सरदारांच्या लक्षात आलं, की एकाच रंगाचे अंगरखे घातलेली पाचशे माणसं बरोबर असली की न्यायाधीशसुद्धा जरा जपून बोलतो. ते वाड्यावर न राहणाऱ्यांनाही आपले रंग आणि बिल्ले वाटू लागले. अंगरखा घेतला की माणूस त्या सरदाराचा झाला. त्याच्यासाठी भांडायचं, त्याच्या बाजूनं साक्ष द्यायची. बदल्यात सरदार पाठीशी. राजांना याची भीती वाटू लागली. १३९० मध्ये दुसऱ्या रिचर्डच्या काळात कुणी कुणाला लिव्हरी द्यावी यावर बंधन आलं, पुढेही कायदे झाले. सातव्या हेन्रीनं १५०४ मध्ये कडक कायदा केला.

याच हेन्रीची एक गोष्ट फ्रान्सिस बेकननं लिहून ठेवली आहे. इतिहासकार तिच्या खरेपणाबद्दल शंका घेतात, पण गोष्ट मोठी बोलकी आहे. राजा ऑक्सफर्डच्या अर्लकडे पाहुणा म्हणून गेला. बडदास्त उत्तम झाली. निघताना पाहतो तो वाटेच्या दोन्ही बाजूंना अर्लच्या रंगाचे अंगरखे घातलेली माणसं रांगेत उभी. राजानं विचारलं, ही सगळी आपल्या घरचीच का? अर्ल कौतुकानं म्हणाला, छे, ही आपल्या दर्शनासाठी बोलावलेली आमची बाहेरची माणसं. राजानं पाहुणचाराबद्दल आभार मानले आणि सांगितलं, की माझा कायदा माझ्याच डोळ्यांदेखत मोडलेला मला चालायचा नाही, माझे वकील आपल्याशी बोलतील. म्हणतात, अर्लला पंधरा हजार मार्कांचा दंड भरावा लागला.

पुढे ही फौजेसारखी माणसं गेली आणि उरले घरगुती नोकर. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये श्रीमंत घरचा फुटमन, म्हणजे गाडीच्या मागे उभा राहणारा, दार उघडणारा, जेवण वाढणारा नोकर, हे एक प्रदर्शनच होतं. झळाळत्या झालरीचा कोट, गुडघ्यापर्यंतची विजार, पांढरे मोजे, केसांना पावडर. फुटमन उंच हवेत, शक्यतो एकसारख्या उंचीचे हवेत. उंची जास्त तर पगारही जास्त. १७७७ मध्ये अमेरिकेशी चाललेल्या युद्धासाठी पैसा हवा होता, तेव्हा सरकारनं प्रत्येक पुरुष नोकरामागे मालकावर वर्षाला एक गिनी कर बसवला. चैनीच्या वस्तूवर बसवावा तसाच. तो कर रद्द व्हायला १९३७ साल उजाडलं. १७९५ मध्ये तर केसांच्या पावडरीवरही वर्षाला एक गिनी कर आला.

यातली मेख लक्षात घ्या. फुटमनचे कपडे मालकाच्या कपड्यांपेक्षाही भडक असत. पण ते मालकानं स्वतः कधीच अंगावर घातले नसते. त्या कापडाचा सगळा अर्थच हा, की हे घालणारा मालक नव्हे.

कलावंतही यातून सुटले नाहीत. जोसेफ हायडन हा युरोपच्या संगीतातला केवढा मोठा माणूस. १ मे १७६१ रोजी त्यानं एस्टरहाझी घराण्याशी नोकरीचा करार केला. त्या करारात लिहिलं होतं, की त्यानं आणि त्याच्या वादकांनी गणवेशात हजर राहावं, पांढरे मोजे घालावेत, केसांना पावडर लावावी. त्याच करारात असंही होतं, की त्यानं रचलेलं संगीत राजपुत्राचंच राहील, परवानगीशिवाय दुसऱ्यासाठी रचना करायची नाही. म्हणजे कोट धन्याचा आणि सूरही धन्याचे. ही अट १७७९ च्या नव्या करारात गेली. मी कवी आहे, त्यामुळे हे वाचताना मला कोटापेक्षा सुरांचं कलम जास्त टोचलं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडच्या दरबारांत एक वेगळीच प्रथा होती, खिलतीची. 'खिलअत' हा अरबी शब्द. त्याच्या मुळाशी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ 'अंगावरून उतरवणं'. राजानं स्वतःच्या अंगावरचं वस्त्र उतरवून दुसऱ्याला द्यावं, ही मूळ कल्पना. पैगंबरसाहेबांनी कआब इब्न जुहैर या कवीची कविता ऐकून आपली चादर त्याच्या खांद्यावर घातली, असं परंपरा सांगते. तिथे कापडाबरोबर देणाऱ्याच्या अंगाची ऊब येते. माझ्याजवळचं तुला दिलं, हा त्याचा अर्थ. फुटमनचा कोट आणि खिलत यांत हा फरक आहे. एक कापड सांगतं, तू माझ्यासारखा नाहीस. दुसरं सांगतं, तू माझ्या जवळचा आहेस.

अर्थात राजे किती म्हणून अंगरखे उतरवणार? लवकरच खिलती कारखान्यात शिवल्या जाऊ लागल्या. अकबराच्या तोशाखान्यात दर ऋतूला एक हजार पूर्ण पोशाख तयार होत, असं 'आईन-इ-अकबरी'त नोंदलेलं आहे. कुणाला किती वस्त्रांची खिलत, कापड कोणतं, जर किती, यावरून माणसाचा दर्जा कळू लागला. मग एक दिवस असाही येतो, की खिलत मिळाली यापेक्षा ती कुणाला आधी मिळाली आणि कुणाला मिळालीच नाही, हे मोठं होऊन बसतं.

तो दिवस आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. १२ मे १६६६. आग्र्याचा दरबार, औरंगजेबाचा वाढदिवस. शहाजाद्यांना, वजीर जाफरखानाला, जसवंतसिंहाला खिलती दिल्या गेल्या. शिवाजी महाराज रांगेत मागे उभे. महाराज संतापले. रामसिंहानं समजावण्याचा प्रयत्न केला. नंतर त्यांनाही सरोपा देऊ केला गेला. आंबेरच्या माणसांनी त्या दिवसांत लिहिलेल्या पत्रांत हे सारं आलं आहे. महाराजांनी तो सरोपा घालायला साफ नकार दिला. आपण या प्रसंगातला स्वाभिमान पाहतो, आणि तो आहेच. पण कापडाच्या बाजूनं पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. भर दरबारात बादशहाचं वस्त्र नाकारणं म्हणजे मी तुझा चाकर नाही, हे सांगण्याची सर्वांना कळणारी भाषा होती. त्यासाठी तलवार उपसावी लागत नव्हती.

याच भाषेचा दुसरा नमुना आपल्या पेशवाईत आहे. सगळी सत्ता पुण्यात. पण पेशवेपद मिळायचं ते साताऱ्याहून छत्रपतींची वस्त्रं आली की. पानिपतानंतर नानासाहेब गेले. हायडननं करार केला त्याच साली, १७६१ च्या जुलैमध्ये, तरुण माधवरावांना ही वस्त्रं मिळाली. नारायणरावांच्या खुनानंतर पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला, एप्रिल १७७४ मध्ये. ते जेमतेम चाळीस दिवसांचे असताना त्यांच्या नावे पेशवाईची वस्त्रं आली. ज्या बाळाला अजून मान धरता येत नाही, त्याच्यासाठी पागोटं! पण त्या कापडावर राज्याचा कारभार उभा होता. साताऱ्याच्या हाती तेव्हा प्रत्यक्ष सत्ता जवळजवळ उरली नव्हती, तरी धनी कोण आणि चाकर कोण, हे वस्त्रं सांगत होती.

खिलतीचं एक छोटं पिल्लू आजही आपल्या घरोघर आहे, ते म्हणजे सत्काराची शाल. आम्हा कवींच्या कपाटात कवितासंग्रहांपेक्षा शाली जास्त निघतील. शाल खांद्यावर पडताना मान आपोआप खाली जाते, हे मी स्वतः अनुभवलं आहे. सत्कार करणाऱ्याचा चेहरा फोटोत नीट यावा म्हणून फोटोग्राफर आम्हालाच जरा सरका म्हणतो, हेही अनुभवलं आहे. मिळालेलं कापड कुणाचं कौतुक करतं, घेणाऱ्याचं की देणाऱ्याचं, हा प्रश्न अशा वेळी मनात येतोच.

इंग्रजी राज्यात शिरपाव मागे पडला आणि पट्टा पुढे आला. तिरप्या पट्ट्यावर पितळेची चकती, तिच्यावर खात्याचं किंवा अधिकाऱ्याचं नाव. या चकतीला 'चपरास' म्हणत आणि ती मिरवणारा तो चपराशी. डावं-उजवं अशा अर्थाच्या 'चप-ओ-रास्त' या फारसी शब्दांपासून चपरास आला, अशी त्याची एक व्युत्पत्ती सांगतात. उत्तरेत चपराशी, आपल्या मुंबई इलाख्यात पट्टेवाला. चकतीवर खात्याचं नाव कोरलेलं. ज्याच्या छातीवर ती, त्याचं नाव मात्र कुठेच नाही.

आमच्या मोहल्ल्यात एक चाचा कचेरीत पट्टेवाले होते. ती चकती ते चिंचेनं घासून लखलखीत ठेवत. कचेरीत जाताना रस्त्यात लोक त्यांना सलाम करत, कामं सांगत. संध्याकाळी घरी आले की पट्टा खुंटीवर जाई, आणि मग कुणी कचेरीचं काम काढलं तर ते सरळ सांगत, साहेब आता खुंटीवर आहेत. आम्हा मुलांना त्याचं हसू येई. त्या माणसानं स्वतःसाठी केवढी मोठी सोय करून ठेवली होती, ते फार उशिरा ध्यानात आलं.

ही सोय सगळ्यांना मिळत नाही. आग्र्याचाच अब्दुल करीम घ्या. आग्र्याच्या तुरुंगात कारकून असलेला चोवीस वर्षांचा हा तरुण. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानं १८८७ मध्ये त्याला खिदमतगार म्हणून इंग्लंडला पाठवलं गेलं. काम होतं राणीच्या टेबलाशी वाढप्याचं. या हिंदुस्थानी नोकरांनी कधी काय घालावं, हे राणीनं जातीनं ठरवलं होतं. घराबाहेर गडद निळा पोशाख, रात्रीच्या जेवणाला तांबडा पोशाख, त्यावर पांढऱ्या-सोनेरी रंगाचा फेटा आणि कमरपट्टा. पण घरी कारकुनी करणाऱ्या माणसाला ताटं उचलणं सलत होतं, आणि ते त्यानं राणीला सांगितलं. राणी त्याच्याकडून हिंदुस्थानी भाषा शिकत होती. १८८८ मध्ये तिनं त्याला मुन्शी केलं. आणि मग एक गोष्ट घडली. वाढप्याच्या पोशाखात, हाती तबकं घेऊन उभ्या असलेल्या करीमची जी छायाचित्रं होती, ती नष्ट करण्यात आली. पोशाख उतरवला एवढ्यानं भागलं नाही, तो कधी अंगावर होता ही आठवणही पुसावी लागली. १९०१ मध्ये राणी गेली. नव्या राजानं तिनं मुन्शीला लिहिलेली पत्रं जाळायला लावली आणि त्याला मायदेशी परत पाठवलं. १९०९ मध्ये आग्र्यातच त्याचा अंत झाला.

दिलेल्या कापडाचं याहून कठोर रूप आपल्याच समाजात होतं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रं वापरावीत, असं लिहिलेलं आहे. अमुक जातीनं अमुकच घालावं, याचे नियम गावोगाव होते. लिव्हरी निदान नोकरी सुटली की सुटते. ही लिव्हरी जन्माबरोबर येत होती आणि तिच्यासोबत पोटाची हमी नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं, की अस्पृश्य म्हणून ओळख पटवणारी लुगडी नेसण्याची पद्धत आणि ते दागिने सोडून द्या. पुष्कळांना तेव्हा वाटलं असेल, एवढा मोठा लढा चालला असताना लुगड्याच्या निऱ्यांची चर्चा कशाला? पण त्यांनी नेमकं ओळखलं होतं. दुसऱ्यानं ठरवून दिलेलं कापड अंगावर असेपर्यंत बोलायच्या आधीच माणसाची ओळख ठरून जाते.

मग गणवेश वाईटच का? तसं मी म्हणणार नाही. मुंबईचे डबेवाले पाहा. १८९० पासून चाललेला हा धंदा. डोक्यावरची पांढरी टोपी ही त्यांची खूण. ती घातली नाही तर दंड. पण तो दंड करणारी संघटना त्यांचीच. २०२० च्या टाळेबंदीनंतर त्यांची संख्या खूप घटली, तरी टोपीचा मान घटलेला नाही. नर्सचा पोशाख, अग्निशमन दलाच्या जवानाचा पोशाख पाहून संकटात धीर येतो. मला वाटतं, दिलेल्या कापडाला तीन प्रश्न विचारावेत. ते घालणाऱ्याला त्यात काही बोलायला मिळालं का? त्याच्याबरोबर पोटाची जबाबदारी आली का? आणि काम संपलं की ते उतरवून ठेवता येतं का?

या तीन प्रश्नांनिशी आज आपल्या दारावरची बेल वाजवणाऱ्या पोराकडे पाहा. अंगात कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट, पाठीवर त्याच रंगाची मोठी बॅग. लांबूनच कळतं कुठली कंपनी. रस्त्यात पावसात भिजत तो तिची जाहिरात करत फिरतो. पण कंपनीला विचारलं तर ती म्हणते, हा आमचा नोकर नाही, हा आमचा 'भागीदार'. अनेक ठिकाणी त्या टी-शर्टाचे आणि बॅगेचे पैसेही त्याच्याच कमाईतून जातात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा 'गिग' कामगारांची पहिल्यांदा व्याख्या झाली, तीसुद्धा मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर काम करणारे अशी. मध्ययुगातला सरदार रंगाबरोबर भाकरी आणि मेणबत्तीही देत होता. इथे रंग तेवढा दिला जातो, आणि त्याचीही किंमत वसूल होते.

कंपन्यांचं सोडा, ते आपल्या हातात नाही, असं आपण म्हणू. पण आपल्या सोसायटीचा वॉचमन तर आपल्या हातात आहे? मे महिन्याच्या उन्हात जाड टेरिकॉटचा शर्ट, गळ्यात टाय, डोक्यावर कॅप, खांद्यावर कुठल्या फौजेच्या असतील त्या फिती. हा पोशाख त्याच्या सोयीसाठी आहे की आपल्या सोसायटीच्या रुबाबासाठी? पुढच्या वेळी सोसायटीच्या सभेत एजन्सी ठरवताना एवढंच विचारा: गणवेशाचे पैसे याच्या पगारातून कापले जातात का? उन्हाळ्यात सुती शर्ट देता येईल का? आणि ड्युटी संपल्यावर कपडे बदलायला याला आडोशाची एखादी खोली आहे का? यातल्या तिसऱ्या गोष्टीला फार खर्च येत नाही. जिन्याखाली एक दार आणि भिंतीला एक खुंटी, एवढं पुरतं.

आणि सभेला जाताना गेटवर त्याचं नावही विचारून घ्या. छातीवरच्या पट्टीवर असतं ते एजन्सीचं नाव.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)